मागे उरणाऱ्या माणसांची नगरी : 'व्हाइस सिटी', मराठी साहित्यातील मुंबई आणि खंडाळ्याचा घाट

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' हा व्हिडिओ गेम अमेरिकेत विक्रीस आला आणि मे २००३ मध्ये त्याची संगणकावर चालणारी आवृत्ती निघाली. या दोन घटनांमध्ये कोणताही कार्यकारणसंबंध नाही. तथापि खंडाळा-लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या पट्ट्यात त्या दशकात वयात आलेल्या पिढीला मोठ्या शहराकडे नेणारा रस्ता आणि मोठ्या शहराची प्रतिमा या दोन्ही गोष्टी नव्या रूपात एकाच सुमारास मिळाल्या, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रस्त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या प्रतिमेचा मात्र मराठी समीक्षेने फारसा विचार केला नाही.

जो विचार झाला तो प्रामुख्याने हिंसेचा होता. मुले सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून हा खेळ खेळतात, गाड्या पळवतात, वाटसरूंना चिरडतात, पोलिसांवर गोळ्या झाडतात आणि त्यामुळे बिघडतात, असा आक्षेपाचा सर्वसाधारण सूर असे. तो नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचनालयांतून भाड्याने नेऊन वाचणाऱ्या पिढीलाही 'झुंजार' आणि 'काळापहाड' यांच्या नादाला लागू नका, असे बजावण्यात आले होते. ती पिढी पुढे शिक्षक, प्राध्यापक आणि अधिकारी झाली. हिंसेचा आक्षेप पूर्णतः निराधार आहे असे नव्हे. परंतु तो खेळाकडे न पाहताही घेता येतो, आणि म्हणूनच समीक्षेच्या दृष्टीने तो फारसा उपयोगाचा नाही.

प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारला आहे. महानगर आणि गुन्हेगारी हा विषय मराठी लेखकांनी 'व्हाइस सिटी'च्या कितीतरी आधी हाताळला आहे. त्या लेखनातील मुंबई आणि या खेळातील नगरी यांत मूलभूत फरक कोणता? हा फरक रक्तपाताच्या प्रमाणाचा नाही. नायक पुढे निघून गेल्यानंतर मागे कोण उरते, या एका प्रश्नाशी तो निगडित आहे.

नगरीची रचना

'व्हाइस सिटी' हे मायामी शहरावर बेतलेले काल्पनिक नगर असून कथेचा काळ १९८६ चा आहे. एडिंबरा येथील 'रॉकस्टार नॉर्थ' या संस्थेने ते घडविले. १५ वर्षांचा तुरुंगवास भोगून सुटलेला टॉमी व्हर्सेटी विमानाने येथे उतरतो, अमली पदार्थांच्या पहिल्याच व्यवहारात दगाफटका होतो, आणि गेलेला माल व पैसा परत मिळविण्याच्या निमित्ताने तो हळूहळू संपूर्ण शहर ताब्यात घेतो. कथानक इतकेच आहे. खेळणाऱ्याला भुरळ पडते ती कथानकाची नव्हे, तर त्यापासून मिळणाऱ्या सुटकेची. नेमून दिलेली कामगिरी बाजूला ठेवून तो समुद्रकिनाऱ्याने मोटारसायकल पळवू शकतो, टॅक्सी चालवू शकतो, काहीही न करता हिंडू शकतो. या प्रकाराला 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मुक्त विश्व, असे म्हणतात.

हे मुक्त विश्व तपासून पाहिले असता त्याची पहिली मर्यादा दारांपाशी जाणवते. शेकडो इमारतींपैकी आत जाता येते त्या अगदी मोजक्या: एखादे हॉटेल, एक मॉल, एक क्लब, पोलीस ठाणे, नायकाचा वाडा. उरलेल्या इमारतींना दारे आहेत, पण ती चित्रातली. रस्ता पूर्णपणे खुला आणि घर पूर्णपणे बंद, असे हे शहर आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. रस्त्यावरील माणसे आणि वाहने ही शहरात सर्वत्र एकाच वेळी अस्तित्वात नसतात. ती खेळणाऱ्याच्या आसपास निर्माण केली जातात आणि तो पुढे गेला की पुसली जातात. ज्या 'प्लेस्टेशन २' यंत्रासाठी हा खेळ प्रथम तयार झाला, त्याची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती. एवढ्या जागेत संपूर्ण शहराची वस्ती सामावणे अशक्यच. त्यामुळे चौकात उभी असलेली स्त्री खेळणाऱ्याने वळसा घालून परत येईपर्यंत नाहीशी झालेली असते, तिच्या जागी दुसरेच कोणी असते आणि त्यालाही कोणाची आठवण नसते. धक्का लागून पडलेल्या माणसासाठी कधीकधी रुग्णवाहिका येते, सेवक खाली वाकतात आणि तो उठून चालू लागतो. खेळातील हा सर्वांत विलक्षण प्रसंग म्हणावा लागेल. मृत्यूसुद्धा या नगरीत कोणाजवळ टिकत नाही. नायक मेला तर तो रुग्णालयाच्या दारात पुन्हा उभा राहतो. शस्त्रे जातात आणि थोडे पैसे कमी होतात. पोलिसांची नजर चुकवायची असेल, तर गाडीला नवा रंग देणे पुरेसे असते. बाबूराव बागुलांनी १९६९ मध्ये आपल्या कथासंग्रहाला 'मरण स्वस्त होत आहे' असे नाव दिले, तेव्हा त्या नावात संताप होता. येथे ते स्वस्त मरण हा खेळाचा नियम आहे आणि नियमाला संताप नसतो.

ज्यांना गर्दी समजून रंगविले ते एकदा खरोखर बोलले, हेही नोंदविणे आवश्यक आहे. खेळात क्यूबन आणि हैतीयन टोळ्यांचा संघर्ष आहे. त्यातील हैतीयन लोकांविषयीच्या संवादांवर २००३ मध्ये अमेरिकेतील हैतीवंशीय संघटनांनी निदर्शने करून आक्षेप घेतला आणि कंपनीला पुढील प्रतींतून काही मजकूर वगळावा लागला. पडद्यावर ज्यांना ना घर होते ना आठवण, त्यांनी पडद्याबाहेर या दोन्ही गोष्टी असल्याचे सिद्ध केले.

महाराष्ट्रातील बहुतेक खेळाडूंपर्यंत हा खेळ पूर्ण स्वरूपात पोहोचला नाही, हा मुद्दाही ग्रहणाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. फाइलचा आकार लहान करण्यासाठी रेडिओ आणि संवादांचा आवाज काढून टाकलेल्या प्रती सर्रास फिरत होत्या. मूळ खेळातील रेडिओ केंद्रे, त्यांवरील जाहिराती आणि चर्चा ही अमेरिकी उपभोगवादाची बोचरी टवाळी आहे. ती ऐकूच आली नाही. आली तरी मराठी माध्यमातील मुलाला त्या वेगाचे अमेरिकी इंग्रजी कळण्याजोगे नव्हते. कामगिऱ्यांऐवजी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलेले चीट कोड आणि रणगाडा हाती आला. म्हणजे जे उपहासकाव्य होते त्यातील उपहास गळून पडला आणि केवळ भटकंती उरली. खेळाच्या परिणामांची चर्चा करणाऱ्यांनी मुले नेमका कोणता खेळ खेळत होती, हे पाहिले असते तर बरे झाले असते.

खेळाला काय कळले आहे

या खेळाला शहर कळलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यात एव्हरी कॅरिंग्टन नावाचा बांधकाम व्यावसायिक आहे. जमिनीचे भाव पाडण्यासाठी तो टॉमीकडून स्पर्धकाची अर्धवट इमारत स्फोटाने पाडवून घेतो आणि दोन टोळ्यांमध्ये युद्ध पेटवतो. पुढे टॉमी स्वतः छापखाना, टॅक्सी कंपनी, चित्रपटाचा स्टुडिओ अशा मिळकती विकत घेत जातो आणि खंडणीखोराचा मालमत्ताधारक होतो. गुन्हा हा महानगरात शेवटी जमिनीच्या व्यवहारात विसावतो, ही या खेळाची जाण पक्की आहे.

मुंबईच्या संदर्भात हे वेगळे सांगावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागोमाग बंद पडल्या आणि त्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीवर पुढील दशकांत मनोरे आणि मॉल उभे राहिले. गिरणगावातील बेकार तरुणांचा टोळ्यांकडे वळलेला प्रवाह आणि जमिनीचे चढलेले भाव या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू होत्या. कॅरिंग्टनला लालबाग-परळमध्ये मुळीच परके वाटले नसते.

पण नेमक्या याच ठिकाणी दोन वाटा फुटतात. टॉमी छापखाना विकत घ्यायला जातो तेव्हा तेथील वृद्ध कारागिराला सांगतो की आपले वडील असल्याच यंत्रांवर काम करीत, संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून आपण रोलर पुसत असू आणि त्यांचाच धंदा करण्याचे आपल्या मनात होते. आयुष्य मात्र वेगळे निघाले. संपूर्ण खेळात टॉमीला स्मृती आहे असे जाणवते ते एवढ्या एका प्रसंगात. कामगाराच्या मुलाचा गुन्हेगार कसा झाला, ही कथा येथे सुरू होऊ शकली असती. खेळ तिच्यापाशी जेमतेम मिनिटभर थांबतो आणि बनावट नोटा छापण्याच्या कामगिरीकडे वळतो.

नाका आणि खोली

खेळाने सोडून दिलेली ती कथा जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात आहे. संपानंतरच्या गिरणगावातील धुरी कुटुंब, दिवंगत गिरणी कामगाराची पत्नी आणि तिची मुले हे त्याचे विश्व. मुलांपैकी नरू टोळीच्या वाटेला लागतो आणि मारला जातो. 'व्हाइस सिटी'च्या भाषेत सांगायचे तर नरूकडे नायकाचे सर्व भांडवल आहे: वय, धाडस, पैशाची निकड, पाठीशी उभी असलेली टोळी. तरीही पवारांनी नाटक त्याच्या मागून रस्त्यावर नेलेले नाही. ते चाळीतील एका खोलीत घडते. टोळीयुद्ध बाहेर चालते. आत येतात त्या बातम्या, उसने पैसे, भीती आणि शेजारी. प्रेक्षक नरूच्या खांद्यावरून शहर पाहत नाही, तर त्याची वाट पाहणाऱ्या आईच्या जागेवरून पाहतो. खेळात जे दार केवळ चितारलेले आहे, नाटक नेमके त्या दाराच्या आत आहे.

हा केवळ माध्यमभेद मानून सोडून देता येणार नाही. रंगभूमीला एका खोलीची मर्यादा असते हे खरे. परंतु पवारांनी त्या मर्यादेतून एक नैतिक स्थान निर्माण केले. गुन्ह्याचा अर्थ गुन्हा करणाऱ्याला सर्वांत शेवटी कळतो, त्याच्या घरातल्यांना आधी कळतो, असे ते स्थान सांगते. खेळात खेळणाऱ्याला टॉमीचे डोळे मिळतात, किंबहुना टॉमीच्या पाठीमागे काही फुटांवर तरंगणारा डोळा मिळतो. आईचे डोळे कोणालाही मिळत नाहीत.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या कादंबरीत घर जवळजवळ नाहीच. तेथे नाका आहे. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून हल्ला चढविला होता आणि त्या हल्ल्यातील आक्षेप चाळीस वर्षांनंतर सायबर कॅफेवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांहून फारसे भिन्न नव्हते: अश्लीलता, उनाडपणा, तरुणांसमोर वाईट आदर्श. वास्तविक नाक्यावरची ती पोरे कोठेही जात नाहीत. ती उभी असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतात, कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ, कोण कोणाकडे राहायला आले, हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांचे क्रौर्यही या ओळखीतूनच येते. ज्याला त्रास द्यायचा तो उद्या पुन्हा याच रस्त्याने जाणार आहे. 'व्हाइस सिटी'त नाका ही कल्पनाच संभवत नाही. खेळणारा एका कोपऱ्यावर तासभर उभा राहिला, तरी त्याच्यासमोरून एकही ओळखीचा माणूस जाणार नाही.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकर कवीबरोबर त्या वस्तीत फिरले होते. मुंबईत आयुष्य गेलेल्या नाटककारालाही आपल्याच शहराचा तो भाग पाहण्यासाठी सोबत लागली, आणि सोबत करणारा तेथे वाढलेला होता. खेळात हे काम पडद्याच्या कोपऱ्यातील गोल नकाशा करतो. नकाशाला वाट ठाऊक असते. तो त्या वाटेवर राहत नाही.

घाट

'व्हाइस सिटी' दोन मुख्य बेटांवर वसलेली आहे. सुरुवातीला वादळाचे कारण सांगून पूल बंद ठेवलेले असतात. पुढे ते उघडतात आणि खेळणारा एका बेटावरून दुसऱ्यावर जातो. त्यापलीकडे पाणी आहे आणि पाण्यात टॉमीला पोहता येत नाही. शहरात रेल्वे नाही. तेथे कोणी गावाहून येत नाही, गणपतीला कोणी गावी जात नाही, कोणाची मनिऑर्डर कोठे जात नाही. २००४ च्या 'सॅन अँड्रियास'मध्ये शेते, डोंगर आणि आगगाड्या आल्या, पण त्या गाड्यांतून शहरात राबायला येणारी माणसे आली नाहीत. तेथील गावेही नायकाच्या भटकंतीची जागा एवढीच राहिली.

मुंबई ही बेटांचीच नगरी. पण तिचा अर्थ बेटावर संपत नाही, आणि खंडाळा येथे महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, परंतु बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण होईपर्यंत प्रवाशाला येथे गाडी सोडून पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट ओलांडावा लागे. त्या मार्गाच्या बांधकामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. पुढे याच वाटेने देशावरची माणसे गिरण्यांत, गोदीत आणि हमालीत उतरली. मुंबईने त्यांना नाव दिले 'घाटी'. ज्या वाटेने माणूस आला ती वाटच त्याची शिवी झाली, असे उदाहरण विरळा. या शिवीत तुच्छता आहे, पण एक कबुलीही दडलेली आहे: समोरचा माणूस आकाशातून पडलेला नाही, त्याच्या पाठीमागे एक घाट आहे. 'व्हाइस सिटी'तील वाटसरूला ही शिवीसुद्धा देता येणार नाही.

मुंबईच्या टपोरीलाही हा बाहेर ठाऊक असतो. १९९८ च्या 'गुलाम' या हिंदी चित्रपटाचा नायक सिद्धार्थ मराठे हा मुंबईतील भुरटा गुन्हेगार आणि मुष्टियोद्धा. त्याच्या ज्या गाण्याने देशाला खंडाळ्याचे नाव पाठ करून दिले, ते वस्तुतः शहराबाहेर चलण्याचे आमंत्रण आहे. खंडाळेकरांना त्या गाण्याचा पुढे कंटाळा आला असल्यास नवल नाही. पण शहराचा कडेलोट होण्यापूर्वी काही तासांसाठी का होईना घाट चढून जाता येते, हे त्या उडाणटप्पूला माहीत आहे. टॉमीला असे कोणतेच खंडाळे नाही. त्याला फक्त मिळकती आहेत.

जुन्या महामार्गावर घाटात शिंग्रोब्याचे मंदिर आहे. शिंग्रोबा हा या डोंगरात गुरे-मेंढरे राखणारा धनगर. घाटातून मार्ग कोठून काढावा हे त्याने इंग्रज साहेबांना दाखविले आणि काम झाल्यावर त्यांनीच त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका सांगितली जाते. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले होते, असेही काही सांगतात. आख्यायिकेची ऐतिहासिकता हा वेगळा प्रश्न. तिची रचना मात्र एखाद्या गुन्हेगारी खेळातील कामगिरीसारखीच आहे: खबऱ्या भेटतो, वाट दाखवितो, वाट मिळाल्यावर तो अनावश्यक ठरतो. 'व्हाइस सिटी'त असा माणूस पुढच्या वळणावर पुसला गेला असता आणि त्याची ३२ मेगाबाइटमधील जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती. बोरघाटात मात्र लोकांनी त्याला त्याच वळणावर बसवून ठेवले. ट्रकचालक तेथे वेग कमी करून नाणे टाकतात.

मुंबईचे खेळ

मुंबई स्वतः या प्रकारच्या खेळांत आली ती प्रथम वेषांतर करून. 'व्हाइस सिटी'च्या मूळ नकाशावर भारतीय गाड्या आणि फलक चढवून तिला मुंबईचे नाव दिलेल्या आवृत्त्या सीडींवरून फिरल्या. मूळ नकाशा तसाच राहिला. नारळाची झाडे आधीपासूनच होती, त्यामुळे फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. २०१८ च्या 'हिटमॅन २' या डॅनिश संस्थेच्या खेळात एक संपूर्ण प्रकरण मुंबईत घडते. झोपडपट्टी, धुण्याचे घाट, रेल्वे यार्ड आणि त्यांवर उभा असलेला दाऊद रंगन नामक निर्मात्याचा अपुरा मनोरा असा तो देखावा आहे. मनोरा आणि झोपडी एका चौकटीत आणण्यात जाण दिसते. पण हा खेळ पगारी मारेकऱ्याचा आहे आणि तेथील दाट गर्दीचे मुख्य कार्य त्याला लपविणे हेच आहे. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) मधील वस्तीत एखादा अनोळखी माणूस असा लपू शकला नसता. लुका हा तेथला दादा; त्याचा रुबाब आणि त्याचे रोगाने खंगणे, दोन्ही सगळ्या वस्तीने पाहिलेले असते.

मुंबईतील 'गेमइऑन' या संस्थेने 'मुंबई गलीज' या नावाचा मुक्त विश्वाचा खेळ तयार करीत असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. दुसरीकडे मूळ मालिकेच्या सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत पुन्हा व्हाइस सिटीच दिसली. यंत्राची स्मृती आता २००२ च्या तुलनेत शेकडो पटींनी वाढलेली आहे. चौकातल्या बाईला तिचे नाव, तिचे घर आणि तिने काल पाहिलेली गोष्ट लक्षात ठेवू देण्यास आता तांत्रिक अडचण राहिलेली नाही. मुंबईवरील खेळात रिक्षा, वडापावच्या गाड्या आणि लोकल यथातथ्य उतरल्या आहेत की नाहीत, हे खेळणारे पाहतीलच. समीक्षकाने त्यात प्रथम एखादी चाळ शोधावी, तिच्या जिन्याने वर जावे आणि तिसऱ्या मजल्यावरील खोलीचे दार उघडते का, हे पाहावे.